दिवस भरत आले तेव्हा
छत्तिसाव्या आठवड्यात बाळाचं डोकं खाली उतरलं. मला ते दोन गोष्टींवरून कळलं. महिनाभर जिना चढताना लागणारी धाप अचानक कमी झाली, आणि रात्री तीनदा उठावं लागायचं ते सहादा उठावं लागू लागलं. बरगड्यांखाली जागा मोकळी झाली होती, मूत्राशयावरचा भार वाढला होता. डॉक्टरांनी पोट चाचपून सांगितलं, "डोकं खाली आहे, छान." घरी पोचेपर्यंत तेवढंच वाक्य मी मनात घोळवत होते.

तोवर माझ्या लेखी तयारी म्हणजे सामान. झबली, दुपटी, लंगोट सौम्य साबणाने धुऊन, कडक वाळवून घड्या घातल्या. दवाखान्याची बॅग भरली: फाइल आणि सगळे रिपोर्ट सर्वांत वर, पुढून उघडणारे गाऊन, मोठे पॅड, चपला, चार्जर. मग नवऱ्याला ती पूर्ण उपसून स्वतःच्या हाताने परत भरायला सांगितली. ऐन वेळी त्यातून वस्तू काढायच्या होत्या त्यानेच. हे प्रत्येकीने करावं असं मला मनापासून वाटतं.

पाळण्यावरून मात्र घरात थोडं दुखलं. आईने हौसेने इवलीशी उशी शिवून आणली होती. पहिलं वर्षभर बाळाजवळ उशी नको, मऊ खेळणी नकोत, जाड पांघरूण नको, बाळ सपाट, घट्ट गादीवर पाठीवरच झोपवायचं, असं मला डॉक्टरांनी बजावलं होतं. तोंडावर मऊ काही आलं तर एवढ्या लहान जिवाला ते बाजूला सारता येत नाही. आई म्हणाली, "तू नाही का उशीवरच मोठी झालीस?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या तपासणीला मी तिलाच बरोबर नेलं आणि तिने स्वतः विचारलं. परत आल्यावर उशी कपाटात ठेवत म्हणाली, "दोन वर्षांची झाली की देऊ." मुलगी होणार की मुलगा हे कुणालाच माहीत नव्हतं, पण आईने 'झाली' म्हणून टाकलं होतं.

झोप म्हणजे वेगळंच प्रकरण. अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून कुशीवर झोपायचं, कारण पाठीवर झोपलं की गर्भाशयाचा भार पोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर पडतो आणि बाळाकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं. मध्यरात्री जाग यायची ती नेमकी पाठीवर, आणि छातीत धस्स व्हायचं. "जाग आली की कूस बदला, घाबरू नका," एवढ्या शब्दांनी डॉक्टरांनी माझ्या कित्येक रात्री हलक्या केल्या.

तेव्हापासूनच मी एक वही ठेवली होती. रोज रात्री दहाच्या सुमारास बाळ उजव्या बरगडीखाली पाय झाडायचं. दहा म्हणजे दहा. डाव्या कुशीवर पडून मी मोजायची. २ तासांत १० हालचाली जाणवायला हव्यात असं सांगितलेलं, माझ्या बऱ्याचदा अर्ध्या तासातच पूर्ण व्हायच्या.

सदतिसावा आठवडा संपत आला होता. त्या दिवशी दुपारपासूनच पोट गप्प वाटत होतं. ओळखीतल्या दोघी-तिघींनी सांगितलं होतं की शेवटी जागा उरत नाही, म्हणून बाळ हलत नाही. त्यावर विसंबून मी संध्याकाळ घालवली. दहा वाजले. काहीच नाही. कुशीवर पडले, पोटावर हात ठेवला. साडेअकरापर्यंत वहीत फक्त ४ रेघा. फोन हातात होता, पण इतक्या रात्री उगाच त्रास कशाला, हसतील आपल्याला, हेच मनात येत राहिलं. शेवटी नवऱ्याने नंबर लावला. पलीकडून सिस्टर म्हणाल्या, "सकाळची वाट बघू नका. आत्ता या."

पोटावर दोन पट्टे बांधले, एक बाळाच्या ठोक्यांसाठी, एक कळांसाठी. यंत्रातून ठोके ऐकू आले तेव्हा मी रडले. मिनिटाला १४० च्या आसपास होते. ११० ते १६० मध्ये असावेत, पण तेवढ्याने भागत नाही, बाळ हललं की ठोके काही सेकंद वाढलेले दिसायला हवेत. पहिली २० मिनिटं कागदावरची रेघ तशीच सरळसोट. "झोपलेलं असेल, अजून थोडं बघू," सिस्टर म्हणाल्या आणि माझा हात धरून बसल्या. पुढच्या २० मिनिटांत रेघ दोनदा, तीनदा वर चढली. सोनोग्राफीत गर्भजलही पुरेसं होतं.

निघताना मी माफी मागितली. डॉक्टर म्हणाल्या, "माफी कसली? जागा कमी झाली तरी बाळ शेवटपर्यंत हलायला हवं. दुपारीच यायला हवं होतं तुम्ही. पुन्हा वाटलं तर पुन्हा या. दहाव्यांदा वाटलं तर दहाव्यांदा या." ते मी त्याच पानावर लिहून ठेवलं. पुढे एकदा खरोखरच परत गेले, आणि या वेळी दुपारीच.

एकोणचाळिसाव्या आठवड्यात पोट घट्ट होणं वाढलं. दगडासारखं व्हायचं आणि जरा चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की सैल पडायचं. या खोट्या कळा. त्यांचं अंतर कधी ८ मिनिटं, कधी २५, मेळ नाहीच.

तारीख आली आणि गेली. तेव्हा विचारणा सुरू झाल्या, "काय, अजून नाही का?" प्रेमानेच विचारत होते सगळे, पण प्रत्येक वेळी आपलं काहीतरी चुकतंय असं वाटायचं. ही तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजून काढतात, आणि नेमकी तिलाच जन्मणारी बाळं १०० मध्ये ४-५ असतात. हे मला आधी कळलं असतं तर मी कुणाला तारीख सांगितलीच नसती. महिना सांगितला असता, बस्स.

चाळीस आठवडे आणि तीन दिवस. पहाटे कंबरेतून कळ उठली आणि पुढे आली. चालून पाहिलं, पाणी प्यायले, कूस बदलली. ती सैल पडली नाही. वहीत वेळा लिहू लागले: १२ मिनिटं, १०, ७. दर ५ मिनिटांनी, मिनिटभर टिकणारी कळ तासभर येत राहिली की निघायचं असं ठरलेलं, पण त्याआधीच पाणी गेलं. नवऱ्याने आधी रंग पाहिला. स्वच्छ होतं. हिरवट असतं तर लगेच फोनवर सांगायचं होतं. बॅग त्याने उचलली, फाइल त्याला न शोधता सापडली.

दुपारी मुलगी झाली. रात्री ती माझ्या छातीवर गाढ झोपली होती. एकाएकी दुपट्याच्या आत तिचा पाय हलला. पुन्हा हलला. नवऱ्याने काही न बोलता घड्याळ माझ्याकडे वळवलं. दहा वाजून चार मिनिटं झाली होती.