आर्मचा तडा आणि दोनशे अँपिअरचं मशीन

पोकलेनचा आर्म तडकलाय, घरीच वेल्डिंग केलं पण टिकत नाही, एवढंच फोनवर कळलं होतं. जाऊन बघतो तर आवारात पोकलेन उभी आणि तिच्या ट्रॅकला टेकवलेलं वेल्डिंगचं नवंकोरं इन्व्हर्टर मशीन. मालक वयस्कर होते. म्हणाले, "दादा, दोनशे अँपिअरचं घेतलंय, रॉडही छान पेटतो. मग तडा परत परत का येतो?"

तडा बकेटच्या पिनजवळ, आर्मच्या बाजूच्या जाड प्लेटवर होता. वीतभर लांब. त्यावर थरावर थर वेल्ड चढवलेलं, वरून बघणाऱ्याला वाटावं की काम चोख झालंय. मी ग्राइंडर लावला. वरचा थर गेला तशी आत अडकलेली रॉडच्या लेपाची काळी मळी दिसायला लागली, आणि तिच्याखाली मूळ तडा जसाच्या तसा. भिंतीच्या भेगेवर नुसता चुना फासावा तसं धातू वरच्यावर बसलं होतं, प्लेटमध्ये उतरलंच नव्हतं. काकांनी त्यासाठी किती उन्हात घाम गाळला असेल ते त्या थरांवरून कळत होतं. मला फार वाईट वाटलं.

खाच न करता वेल्ड केलं होतं, हे एक कारण. पण आत उतरायला जोरही मिळत नव्हता. मशीन जिथून जोडलं होतं तिथे गेलो. घरातल्या साध्या सॉकेटमधून लांबलचक एक्स्टेन्शन काढलेली, तीही अर्धी रिळावरच. तिच्या मशीनकडच्या टोकाला मीटर धरला आणि काकांना रॉड टेकवायला सांगितलं. रिकामं असताना 230 व्होल्ट, आणि 130 अँपिअरवर रॉड पेटला की आकडा 180च्या आसपास. रिळाला हात लावला तर चांगलीच तापलेली.

त्यांना तिथेच हिशोब मांडून दाखवला. 140 अँपिअरवर रॉड चालवायचा तर नुसत्या आर्कलाच साडेतीन किलोवॅट लागतात. मशीनमधली घट आणि पॉवर फॅक्टर (लाइनमधून ओढलेला सगळा करंट कामी येत नाही, तो हिशोब) धरला, तर साधं इन्व्हर्टर 230 व्होल्टच्या लाइनमधून 25 अँपिअरच्या वर ओढतं. सोळा अँपिअरच्या सॉकेटने आणि बारीक वायरीने ते कुठून द्यायचं?

मग मशीनच्या मागची पाटी वाचायला लावली. पुढे मोठ्या अक्षरात 200, आणि मागे बारीक अक्षरात लिहिलेलं : 200 अँपिअरला 25 टक्के, 100 अँपिअरला 100 टक्के. म्हणजे पूर्ण जोरावर दहा मिनिटांत अडीच मिनिटं वेल्डिंग आणि उरलेला वेळ विश्रांती. दारं-खिडक्यांच्या कामाला हे पुरतं, तिथे माणूस टाका मारतो आणि थांबतो. जाड प्लेटला मात्र सलग उष्णता हवी. मशीन थंड होईपर्यंत प्लेट गार पडते आणि पुढचा थर नीट धरत नाही. माझ्या मते घेताना आधी ही मागची पाटी वाचावी, पुढचा आकडा नंतर.

आर्मचं काम मी माझ्या इंजिनवाल्या वेल्डिंग सेटवर केलं. आधी पोकलेनच्या बॅटरीच्या वायरी काढल्या. अर्थिंगचा क्लॅम्प तड्याजवळ, त्याच प्लेटवर, घासून चकचकीत केलेल्या जागी लावला. तो लांब कुठेतरी लावला की करंट पिन-बुशमधून किंवा हायड्रॉलिक सिलिंडरमधून वाट काढतो आणि तिथे ठिणग्या पडून भलतंच नुकसान होतं. तड्याच्या दोन्ही टोकांना भोक पाडलं, म्हणजे तो पुढे सरकत नाही. तळापर्यंत व्ही खाच केली, गॅसने प्लेट तापवली. मुळाशी 3.15 एमएमचा 7018, म्हणजे कमी हायड्रोजनचा रॉड, वर भरायला 4 एमएमचा. दर थरानंतर मळी ठोकून ब्रश मारला. रॉड कोरडे ठेवायच्या डब्यातून एकेक काढत होतो. ओलसर रॉडमधला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरला, तर काम चांगलं दिसूनही काही तासांनी, कधी एक-दोन दिवसांनी बारीक तडा उमटतो. शेवटी वर उष्णतारोधक चादर टाकली, सावकाश गार व्हायला.

थांबलो तेव्हा काकांनी विचारलं, "मग वायरवालं घेऊ का? ते सोपं असतं म्हणतात." त्यात रॉडऐवजी वायर आपोआप पुढे सरकते, म्हणून सोपं असतं खरं, पण गॅसवालं मशीन उघड्यावर त्रास देतं. जरा वारा सुटला की गॅसचं आवरण उडतं आणि वेल्डला बारीक छिद्रं पडतात. गॅसशिवाय चालणारी फ्लक्स कोअर वायर मिळते, पण आवारात उभ्या पोकलेनच्या दुरुस्तीला मी रॉडच सुचवला : 160-180 अँपिअरला 60 टक्के देणारं इन्व्हर्टर, 4 एमएमचा रॉड न अडखळता ओढणारं, जाड केबलचं. किलो-दोन किलो वजन जास्त असलं तरी चालेल. काम रानात, लाइन नसलेल्या ठिकाणी असेल तरच इंजिनवालं, कारण ते हलवायला ट्रॉली लागते. हातातलं छोटं मशीन विकू नका म्हटलं, पायऱ्या, गार्ड, पत्र्याचे टाके यांना ते उत्तम आहे.

दोन दिवसांनी परत जाऊन वेल्डवर बारीक तडा दाखवणारा रंग (डाय) टाकून तपासलं. रेषा उमटली नाही, मगच पोकलेन कामाला लावली. काकांनी नवं मशीन अजून घेतलेलं नव्हतं. आधी वायरमनला बोलावून मीटरपासून आवारापर्यंत 32 अँपिअरची वेगळी लाइन ओढायला घेतली होती, जाड तांब्याच्या वायरीची, स्वतःच्या ब्रेकरसकट.