तुम्ही विचारलंत म्हणून: व्हॉट्सॲपवर पोरं इंग्रजी शिकतात का?

"मॅडम, त्या व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर पोरं खरंच इंग्रजी शिकतात का हो?" हा प्रश्न मला पालक मीटिंगला विचारतात, दुसऱ्या शाळांतले शिक्षक ट्रेनिंगला भेटले की विचारतात, आणि परवा तर नाशिकच्या सीबीएस बस स्टँडवरून सातपूरला येताना रिक्षात शेजारी बसलेल्या ताईंनी विचारला, त्यांची मुलगी आठवीत आहे. दरवेळी दोन मिनिटांत काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटतं की नीट सांगितलंच नाही. म्हणून आज बसून लिहितेय.

आधी मी कुठे शिकवते ते सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. सातपूर भागातली मराठी मीडियमची शाळा, माझ्याकडे नववी-दहावीचं इंग्रजी. निम्म्याहून जास्त पोरांचे वडील सातपूर नाहीतर अंबडच्या एमआयडीसीत कामाला, काहींचे काका-मामा दिंडोरीला, पिंपळगावला, द्राक्षाचे बाग. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे नववीतल्या पोराने माझ्यासमोर येईपर्यंत आठ वर्षं इंग्रजी शिकलेली असते. आणि तरी वर्गात उभं करून "व्हॉट डिड यू डू यस्टर्डे" विचारलं की पोरगं खाली बघतं. त्याला येत नाही असं नसतं हो, तोच मुलगा पॅसेजखालचे प्रश्न बरोबर सोडवतो. पण पन्नास जणांसमोर तोंड उघडायचं म्हटलं की गळा दाटतो.

1980च्या दशकात स्टीफन क्रॅशन या भाषाशास्त्रज्ञांनी ‘अफेक्टिव्ह फिल्टर’ची कल्पना पुढे आणली. सोप्या भाषेत सांगायचं तर भीती आणि लाज असली की कानावर पडलेली भाषा आत पोचतच नाही, मध्येच कुठेतरी अडते. क्रॅशन यांच्या सगळ्या म्हणण्यावर अभ्यासकांचं एकमत नाहीये, पण हे एवढं मात्र मी वर्गात रोज बघते.

आता मोबाईलचं. 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि आमच्या वस्तीत घरटी एक तरी नेटवाला फोन दिसायला लागला. फोन अर्थातच वडिलांचा. लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनीच ग्रुप काढले तसा आम्हीही काढला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, स्वाध्यायाचे फोटो यायचे आणि मी बरोबरच्या खुणा करून परत पाठवायचे, म्हणजे वर्गच तो, फक्त फोनवर. ज्यांच्याकडे फोन नव्हता ती पोरं तर तेवढ्यालाही मुकली, त्याचं दुःख आजही आहे.

खरी सुरुवात नंतर झाली. शाळा उघडल्यावर ग्रुप बंद करणार होते, तर एका मुलीने विचारलं, "मॅडम, मी बोलून पाठवलं तर चालेल का, लिहायला नको." म्हटलं पाठव. रात्री तिची व्हॉइस नोट आली, पाऊण मिनिटाची, आजीच्या गुडघेदुखीबद्दल. वर्षभरात त्या मुलीचा इंग्रजीतला आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत म्हटलं किती छान बोललीस, तर हळूच म्हणाली, "मॅडम, अकरा वेळा केलं." गच्चीवर जाऊन रेकॉर्ड करायचं, ऐकायचं, आवडलं नाही की डिलीट, परत करायचं. (पाठवायच्या आधी आपलंच ऐकून बघायची सोय व्हॉट्सॲपवर 2021 च्या शेवटी आली, माझ्या दृष्टीने ते सगळ्यात कामाचं बटण.) विचार करा, मी ऐकलं पाऊण मिनिट आणि ती बोलली अकरा वेळा. माझा पस्तीस मिनिटांचा तास पन्नास पोरांत वाटला तर एकेकाला जेमतेम बेचाळीस सेकंद येतात. मी वर्षभर कितीही जीव तोडून शिकवलं तरी त्या मुलीला अकरा वेळा बोलायची संधी मी वर्गात देऊ शकले नसते. मला या सगळ्याचं महत्त्व कळलं ते त्या दिवशी.

पण लगेच एक चूकही झाली, तीही सांगते. मी उत्साहात सगळ्यांना सांगितलं की ग्रुपवरच व्हॉइस नोट टाका. एका मुलाने टाकली, त्यात ‘ही गोज’च्या जागी ‘ही गो’ म्हणाला, खाली चार जणांनी हसण्याचे इमोजी टाकले आणि एकाने बरोबर वाक्य लिहून पाठवलं. तो मुलगा ग्रुप सोडून गेला आणि पुढचे दोन महिने त्याने काही पाठवलं नाही. तेव्हापासून नियम एकच, ग्रुपवर कोणी कोणाची चूक काढायची नाही, मीसुद्धा नाही. मग चुका तशाच राहू द्यायच्या का, असं तुम्ही विचारालच. नाही. पोरगं म्हणालं "यस्टर्डे आय गो टू त्र्यंबक" तर मी विचारते, "ओ, यू वेन्ट टू त्र्यंबक? हू वेन्ट विथ यू?" बरोबर रूप त्याच्या कानावर पडतं आणि गप्पाही चालू राहतात. याला आमच्यात रीकास्ट म्हणतात, आई बोबड्या पोराशी बोलताना हेच करते, पोर म्हणतं ‘तिमणी’ आणि आई म्हणते हो हो, चिमणीच आहे. ज्या चुका बऱ्याच जणांच्या होतात त्या वहीत उतरवून घेते आणि वर्गात फळ्यावर घेते, नाव न घेता.

आणि मार्क नाहीत. हे फार महत्त्वाचं आहे. दहावीला 80 मार्कांचा लेखी पेपर आणि 20 मार्क तोंडी वगैरेचे, सगळी दुनिया तिथे मोजतेच आहे. ग्रुपवरचं मोजायला लागले तर दुसऱ्याच दिवशी गाईडमधली उत्तरं वाचून पाठवतील, खरं म्हणजे आता तर गाईडही नको, फोनच लिहून देतो. लेखी मेसेजमध्ये ते येतंच, एकही चूक नसलेला परिच्छेद आला की मला कळतं. मी रागावत नाही, एवढंच म्हणते की मला हेच बोलून सांग. बोलताना स्वतःचे शब्द लागतात.

आता ज्या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ती. एकदा ग्रुपवर प्रश्न टाकला, आज घरात कोणता इंग्रजी शब्द ऐकलात? मला वाटलं टीव्ही, फ्रिज, मोबाईल येतील. आले तेही. पण रात्री उशिरा एका मुलाने लिहिलं, ‘टॉलरन्स, पप्पा म्हणतात कंपनीत रोज लागतं,’ म्हणजे मापात चालतो तेवढा फरक. दुसऱ्याने लिहिलं ‘बर’, म्हणजे कापल्यावर धातूच्या कडेला राहतो तो खरखरीत पदर. मग ‘जॉब’. पुस्तकात जॉब म्हणजे नोकरी, आणि यांच्या पप्पांचा जॉब म्हणजे मशीनवर लावलेला लोखंडाचा तुकडा! रिजेक्शन, मायक्रॉन, फिक्श्चर, व्हर्नियर, सेटिंग. दिंडोरीवाल्यांनी सुरू केलं थिनिंग, डिपिंग, ब्रिक्स, रेसिड्यू, कंटेनर. आणि एका मुलीने विचारलं, "मॅडम, डावणी इंग्रजी आहे का?" आहेच की! द्राक्षावरचा डाउनी मिल्ड्यू, आपल्याकडे बागेत त्याची डावणी झाली, आणि पावडरी मिल्ड्यूला मात्र आपला मराठी भुरी शब्द राहिला. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की प्रत्येक बागेत हा शब्द दिवसातून वीस वेळा ऐकू येतो, आणि तो इंग्रजी आहे हे घरात कोणाला माहीत नसतं.

मग आम्ही गूगल डॉक्सवर एक शब्दकोश सुरू केला. सगळ्यांनी मिळून लिहायचा, शब्द कोणाकडून ऐकला ते लिहायचं, ते माणूस तो कसा वापरतं ते एका इंग्रजी वाक्यात. डॉक्समध्ये कोणी काय बदललं त्याची नोंद राहते, त्यामुळे कोणी दुसऱ्याचं खोडलं तरी परत आणता येतं, भांडणं होत नाहीत. अर्थ शोधायला मी त्यांना सिंपल इंग्लिश विकिपीडिया दाखवला. तो 2001 पासून आहे, मुद्दाम सोप्या इंग्रजीत लिहिलेला, ऑग्डेन या इंग्रज भाषातज्ज्ञांनी 1930 साली बेसिक इंग्लिश नावाच्या सोप्या इंग्रजीसाठी जे 850 शब्द निवडले होते त्याचा आधार घेऊन. मराठी मीडियमच्या पोराला मोठा इंग्रजी विकिपीडिया उघडला की धडकी भरते, हा वाचता येतो. विकिपीडियावर शोधता शोधता एका मुलाला सापडलं की व्हर्नियर हे माणसाचं नाव आहे, पिएर व्हर्नियर, फ्रेंच गणिती, त्याने ती बारीक माप घ्यायची पट्टी 1631 मध्ये मांडली. तो घरी जाऊन वडिलांना म्हणाला, पप्पा तुम्ही रोज हातात घेता ते एका माणसाचं नाव आहे. ते वडील, "मॅडम, मला इंग्रजीतलं काही कळत नाही" असं दर मीटिंगला हात जोडून सांगणारे, दुसऱ्या दिवशी शाळेच्या गेटवर मुद्दाम थांबले आणि व्हर्नियरने माप कसं घेतात ते मला हाताने करून दाखवलं, मेन स्केल, लीस्ट काउंट, झिरो एरर, सगळं इंग्रजीत! मी त्यांना म्हटलं तुम्हाला इंग्रजी येतं. ते हसले, पण त्यांच्या पोराने ते ऐकलं होतं.

म्हणून मला कोणी विचारलं की व्हॉट्सॲपवर इंग्रजी शिकतात का, तर मी म्हणते शिकतात असं सरळ म्हणता येणार नाही, काळ आणि वाक्यरचना वर्गातच शिकवावी लागते, ती मी फळ्यावरच शिकवते आणि शिकवत राहणार. ग्रुपवर त्यांना बोलायला काहीतरी कारण मिळतं, आणि ऐकणारं कोणी मिळतं ज्याच्या हातात लाल पेन नाही. लेखी पेपरात याचे मार्क वाढलेले मला ठळक दिसलेले नाहीत, पालकांना मी तसं स्पष्ट सांगते. तोंडीला फरक दिसतो, खूप दिसतो, पोरं डोळ्यात बघून बोलतात.

काळजी घ्यायच्या गोष्टीही आहेत आणि त्या मनावर घ्या. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. नववी-दहावीच्या मुलींच्या घरचे यावर नाराज होतात आणि त्यांचं बरोबर आहे. मी आता व्हॉइस नोटसाठी ब्रॉडकास्ट लिस्ट वापरते, प्रश्न सगळ्यांना जातो, उत्तर फक्त माझ्याकडे येतं, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही, फक्त त्यांनी माझा नंबर सेव्ह केलेला असावा लागतो. मुलांच्या नावाने अकाउंट काढायला मी सांगत नाही, फोन पालकांचा, नंबर पालकांचा, आणि जूनमध्येच पालकांची लेखी परवानगी घेते. पोराचा आवाज किंवा फोटो स्टेटसला टाकायचा नाही, कितीही छान असला तरी. आणि कुठल्याही एका साइटच्या फार प्रेमात पडू नका, पूर्वी पोरांचं दोन वर्षांचं लिखाण मी एका फुकटच्या साइटवर ठेवलं होतं, ती बंद झाली आणि सगळं गेलं. आता महिन्याला एकदा शब्दकोशाची प्रिंट काढून वर्गात लावते. ज्यांच्या घरी फोन नाही ती पोरं त्या प्रिंटवरच पेनाने शब्द लिहितात, ते नंतर डॉक्समध्ये चढवायचं काम त्यांचे मित्र करतात.

ज्यांना सुरू करायचंय त्यांनी ॲप शोधत बसू नका, तुमच्या पालकांच्या फोनमध्ये जे आहे तेच घ्या. पहिला प्रश्न हाच टाका, आज घरात कोणता इंग्रजी शब्द ऐकलात. आणि उत्तर संध्याकाळीच यावं असा हट्ट धरू नका. मलाही सुरुवातीला कळायचं नाही की काही पोरं एक आठवडा वेळेवर आणि एक आठवडा गायब अशी का असतात, मग लक्षात आलं की ते कंपनीच्या शिफ्टप्रमाणे चालतं. पप्पा फर्स्टला असले की पाच वाजता व्हॉइस नोट येते. सेकंडला असले की फोनच घरी नसतो. मग रात्री बाराला माझ्या फोनवर टिंग वाजतं, मागे गाडी स्टँडला लावल्याचा आवाज, आई ताट वाढते त्याचा आवाज, आणि झोपेला आलेलं पोरगं म्हणतं, "गुड इव्हनिंग मॅडम, टुडे माय वर्ड इज ओव्हरटाइम."