तुम्ही विचारलंत म्हणून: किंग्ज ही रणदिव्यांची टीम का?

‘सॅक्रामेंटो किंग्ज ही आपल्या विवेक रणदिव्यांनी काढलेली टीम ना?’ एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, बघणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न हमखास येतो, आणि त्यापाठोपाठ दुसरा: ‘मग ती जिंकत का नाही?’

काढलेली नाही, विकत घेतलेली आहे. २०१३ साली, आणि तीही ६५ टक्के. एनबीए संघाचा निम्म्याहून अधिक हिस्सा घेऊन मालक झालेले ते भारतात जन्मलेले पहिलेच, हे मात्र खरं. रणदिवे मुंबईत जन्मले १९५७ साली. त्याच वर्षी ही टीम आपलं पहिलं गाव सोडून दुसऱ्या गावी बिऱ्हाड हलवत होती.

या टीमने चार गावं बदलली, तरी इतिहास एकच मानला जातो, कारण एनबीएमध्ये टीम म्हणजे लीगमध्ये खेळण्याचा परवाना. गाव, नाव, जर्सी, मालक सगळं बदलतं. परवाना आणि त्यावर चढलेले विक्रम सोबत जातात. म्हणूनच सॅक्रामेंटोच्या हॉलमध्ये छताला बॉब डेव्हिसचा ११, मॉरिस स्टोक्सचा १२, ऑस्कर रॉबर्टसनचा १४ आणि जॅक ट्वायमनचा २७ हे निवृत्त क्रमांक टांगलेले आहेत. चौघांपैकी एकही जण सॅक्रामेंटोसाठी खेळलेला नाही. सहा नंबरही निवृत्त आहे, तो प्रेक्षकांसाठी. पाच खेळाडू कोर्टवर, सहावे ते.

सुरुवात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात. नाव रॉयल्स. लेस हॅरिसन हे मालकही आणि प्रशिक्षकही. १९४५ मध्ये नॅशनल बास्केटबॉल लीगमध्ये शिरले आणि पहिल्याच हंगामात विजेते. १९४८ मध्ये त्या लीगमधून बाहेर पडून पुढे एनबीए झालेल्या लीगमध्ये आले. १९५१ च्या अंतिम फेरीत न्यूयॉर्क निक्सविरुद्ध पहिले तीन सामने जिंकले, पुढचे तीन हरले आणि सातवा ७९-७५ असा काढला. एनबीएची अंतिम फेरी सातव्या सामन्यापर्यंत गेली ती तेव्हा पहिल्यांदा. ते या टीमचं एनबीएतलं एकमेव विजेतेपद.

रॉचेस्टर सुटलं ते पैशामुळे. जुन्या हॉलमध्ये जेमतेम चार हजार माणसं मावायची. प्रत्येक खुर्ची भरली तरी मोठ्या शहरांतल्या संघांइतका गल्ला जमणं शक्य नव्हतं. त्यात १९५६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या वेळी, पहिली निवड हातात असताना रॉयल्सनी सिहुगो ग्रीनला घेतलं आणि बिल रसेलला सोडलं. रसेल बॉस्टनला पोचला आणि त्याने अकरा विजेतेपदं जिंकली. १९५७ मध्ये टीम सिनसिनाटीला गेली.

सिनसिनाटीबद्दल बोलताना लोक थेट ऑस्कर रॉबर्टसनवर येतात. १९६१-६२ च्या अख्ख्या हंगामाची त्याची सरासरी सामन्यामागे ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेला चेंडू) आणि ११.४ असिस्ट (सहकाऱ्याच्या बास्केटला कारण ठरलेला पास). तिन्ही आकडे दोन अंकी. असा हंगाम पुन्हा व्हायला २०१६-१७ उजाडलं. पण माझ्या मते या टीमच्या इतिहासात आधी नाव घ्यावं ते मॉरिस स्टोक्सचं.

१२ मार्च १९५८. साखळीतला शेवटचा सामना, मिनियापोलिसला. बास्केटकडे झेपावताना स्टोक्स पडला, डोकं जमिनीवर आपटलं, शुद्ध हरपली. हुंगायचे क्षार नाकाशी धरून त्याला शुद्धीवर आणलं आणि तो त्याच सामन्यात पुन्हा खेळला. तीन दिवसांनी डेट्रॉइटमध्ये प्लेऑफचा, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेरीचा, सामनाही खेळला. परतीच्या विमानात त्याची तब्येत एकदम ढासळली आणि तो कोमात गेला. मेंदूला झालेल्या इजेमुळे सगळं शरीर लुळं पडलं. बुद्धी मात्र शाबूत होती. आज डोक्याला असा मार बसला तर ठरलेल्या तपासण्या पार पाडल्याशिवाय खेळाडूला कोर्टवर पाऊल ठेवता येत नाही. त्या काळी असा नियमच नव्हता.

स्टोक्सचे स्वतःचे पैसे बँकेत होते, पण ते काढायला सही करणारा हात चालत नव्हता. तेव्हा २३ वर्षांचा संघसहकारी जॅक ट्वायमन कोर्टात जाऊन त्याचा कायदेशीर पालक झाला. कामावर झालेल्या इजेची भरपाई मिळवण्यासाठी झगडला आणि ती मिळवली. उपचारांच्या खर्चासाठी दर उन्हाळ्यात मदतनिधीचा सामना भरवला. १९७० मध्ये स्टोक्स गेला तोपर्यंत, बारा वर्षं, ट्वायमनने हे निभावलं. एक गोरा आणि एक काळा, १९५८ ची अमेरिका, हे लक्षात ठेवून ही हकिकत वाचा.

१९७० मध्येच रॉबर्टसनला मिलवॉकीला देऊन टाकलं; पुढच्याच वर्षी मिलवॉकी विजेती झाली. १९७२ मध्ये टीम कॅन्सस सिटी आणि ओमाहा अशा दोन शहरांत विभागून खेळू लागली. कॅन्सस सिटीच्या बेसबॉल संघाचं नावही रॉयल्सच असल्याने इथे त्यांचे किंग्ज झाले. पहिल्याच वर्षी टायनी आर्चिबाल्डने सामन्यामागे ३४ गुण आणि ११.४ असिस्ट अशी सरासरी काढली. एकाच हंगामात दोन्हींत लीगमध्ये पहिला येणारा तो पहिलाच. पुढे ओमाहा गळालं. जून १९७९ मध्ये वादळी पावसात टीमच्या कॅन्सस सिटीतल्या हॉलचं, केम्पर अरेनाचं, छत कोसळलं. पाण्याचा निचरा सावकाश व्हावा अशीच छताची रचना होती, त्यामुळे वर पाणी तुंबलं. शिवाय छत टांगून धरणारे बोल्ट वर्षानुवर्षं वाऱ्याने हलून झिजलेले होते. आत कार्यक्रम नव्हता म्हणून प्रेक्षक वाचले. टीमला जुन्या हॉलमध्ये परतावं लागलं आणि प्रेक्षकांचा ओघ आटला. १९८३ मध्ये सॅक्रामेंटोच्या व्यावसायिकांनी सुमारे एक कोटी डॉलरला टीम घेतली आणि १९८५ मध्ये तिथे नेली.

सॅक्रामेंटोतला पहिला हॉल तात्पुरता, १०,३३३ खुर्च्यांचा. १९८८ मध्ये मोठा आर्को अरेना आला. खेळ मात्र यथातथाच: १९९०-९१ मध्ये परगावच्या ४१ सामन्यांपैकी एक जिंकला. १९९८ नंतर क्रिस वेबर, व्लादे दिवाच आणि पेजा स्टोयाकोविच एकत्र आले, रिक एडलमन प्रशिक्षक झाले आणि २००१-०२ मध्ये ६१ विजय मिळाले.

त्या वर्षीची लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धची प्लेऑफ मालिका अजून सलते. किंग्ज २-१ ने पुढे होते. चौथ्या सामन्यात पूर्वार्धात त्यांनी २४ गुणांची आघाडी घेतली होती, ती शेवटी ९९-९७ वर आली. लेकर्सच्या कोबी ब्रायंटचा फटका चुकला, शॅकिल ओनीलचाही चुकला, आणि दिवाचने धोका टाळायला चेंडू बास्केटखालून बाहेर टोलवला. तो गेला थेट तीन गुणांच्या रेषेबाहेर मोकळ्या उभ्या रॉबर्ट हॉरीच्या हातात. बझर वाजता वाजता लेकर्स १००-९९ असे जिंकले. सहाव्या सामन्यात लेकर्सना एकट्या चौथ्या क्वार्टरमध्ये २७ फ्री थ्रो मिळाले, आणि त्या पंचगिरीवर लोक आजही भांडतात. भांडण रास्त आहे. पण सातवा सामना घरच्या कोर्टवर होता, त्यात किंग्जनी ३० पैकी १४ फ्री थ्रो चुकवले आणि ओव्हरटाइममध्ये ११२-१०६ असे हरले. त्यातले आणखी दोन-तीन जरी पडले असते, तरी ओव्हरटाइमची वेळ आली नसती. पुढच्या वर्षी वेबरचा गुडघा गेला आणि तो संघ पुन्हा तिथवर पोचला नाही.

आता रणदिवे. आर्को जुना झाला होता आणि नवा हॉल करवाढीतून बांधायला मतदारांनी २००६ मध्ये नकार दिला होता. जानेवारी २०१३ मध्ये तेव्हाच्या मालकांनी, मालूफ कुटुंबाने, टीम सिएटलच्या गटाला विकायचं ठरवलं. पण विक्रीला आणि स्थलांतराला एनबीएच्या मालकांची संमती लागते, आणि तिथेच सॅक्रामेंटोचे महापौर केव्हिन जॉन्सन यांनी पाय रोवले. ते स्वतः एनबीएमध्ये गार्ड म्हणून खेळलेले. स्थानिक खरेदीदार उभा करायचा आणि हॉलची हमी द्यायची, ही दोन कामं काही आठवड्यांत व्हायला हवी होती. टिब्को या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक रणदिवे तेव्हा गोल्डन स्टेट वॉरियर्सचे भागीदार होते. दोन संघांत भागीदारी चालत नसल्याने तो हिस्सा त्यांना विकावा लागला. नगर परिषदेने ७ विरुद्ध २ मतांनी हॉलचा आराखडा मंजूर केला. शहराचा वाटा सुमारे २५ कोटी डॉलर, मुख्यतः पार्किंगच्या उत्पन्नावर काढलेल्या रोख्यांतून. सिएटलच्या गटाने बोली वाढवली तरी १५ मे रोजी मालकांनी २२ विरुद्ध ८ मतांनी स्थलांतर नाकारलं. रणदिव्यांच्या गटाने ५३.५ कोटी डॉलर मूल्यांकनाने टीम घेतली. २०१६ मध्ये शहराच्या मध्यभागी गोल्डन वन सेंटर उघडलं. त्याचे विमानाच्या हँगरसारखे प्रचंड दरवाजे संध्याकाळी उघडले की नदीखोऱ्यातून येणारा वारा आत येतो.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यानंतरच्या निर्णयांत आहे. डिसेंबर २०१४ मध्ये प्रशिक्षक मायकल मलोन यांना हंगामाच्या मध्येच काढलं, तेही मुख्य खेळाडू डीमार्कस कझिन्स आजारी असताना. त्याच मलोननी २०२३ मध्ये डेन्व्हरला विजेतेपद मिळवून दिलं. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर मार्विन बॅग्लीला निवडलं, आणि पुढे मोठा तारा झालेला लुका डॉन्चिच पुढच्याच निवडीत गेला. २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स; दोन्ही किंग्ज हरले, पहिला ओव्हरटाइममध्ये एका गुणाने. २००६ नंतर सलग १६ हंगाम प्लेऑफ नाही, हा एनबीएतला सर्वात मोठा दुष्काळ. तो फिटला २०२२-२३ मध्ये, माइक ब्राउन प्रशिक्षक आणि डोमांटस सबोनिस सेंटर असताना, ४८ विजयांसह. जिंकल्या रात्री हॉलच्या छतावरून आकाशात जांभळा लेझर सोडायची प्रथा त्याच हंगामातली. पहिल्याच फेरीच्या सातव्या सामन्यात गोल्डन स्टेटच्या स्टेफ करीने ५० गुण करून तो प्रवास थांबवला. डिसेंबर २०२४ मध्ये ब्राउन यांनाही काढलं, आणि दोन महिन्यांत आघाडीचा खेळाडू डीॲरन फॉक्सला सॅन अँटोनिओला देऊन टाकलं.