तीन उड्डाणं झाली, पण सही केली नाही

मी ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलं विमान, शिकवणारा इन्स्ट्रक्टर. ते पायलट माझ्याहून वयाने मोठे आणि माझ्या कितीतरी आधीपासून ग्लायडर उडवणारे. फ्लाइट रिव्ह्यूची, म्हणजे इन्स्ट्रक्टरबरोबर ठरावीक काळाने करायच्या उजळणीची, त्यांची मुदत महिनाअखेरीस संपत होती. अमेरिकेत एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या ६१.५६ या नियमानुसार २४ कॅलेंडर महिन्यांत एकदा रिव्ह्यू व्हावाच लागतो. त्यात किमान एक तास जमिनीवर आणि एक तास हवेत. ग्लायडरवाल्यांना हवेतल्या तासाऐवजी तीन उड्डाणांची मुभा आहे, मात्र प्रत्येक उड्डाण निदान पॅटर्नच्या, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीभोवती घ्यायच्या फेरीच्या, उंचीपर्यंत गेलं पाहिजे.

जमिनीवरचा तास छान गेला. भाग ९१ चे, म्हणजे उड्डाणाचे सर्वसाधारण नियम तोंडपाठ, टोचे, म्हणजे ग्लायडर दोरीने ओढून वर नेतानाचे, इशारेही अचूक सांगितले. पहिलं उड्डाण तर बघत राहावं असं.

दुसऱ्या उड्डाणाआधी मी टो पायलटशी, म्हणजे ओढणाऱ्या विमानाच्या पायलटशी, बोलून ठेवलं होतं. भरपूर उंची मिळाल्यावर मी मागच्या सीटवरून स्पॉयलर, म्हणजे ग्लायडर खाली आणणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या, थोडे उघडले आणि टो विमानाचा शेपटीवरचा रडर डावी-उजवीकडे हलू लागला. याचा अर्थ, तुझे स्पॉयलर बघ. पंख डोलवले असते तर अर्थ, ताबडतोब दोरी सोड. त्यांनी क्षणात दोरी सोडली आणि उजवीकडे वळले. स्पॉयलर उघडेच.

हे दोन इशारे असेच गोंधळून माणसं मेलेली आहेत. टेकऑफच्या आधी स्पॉयलर लॉक करायचे राहतात, ग्लायडर नीट चढत नाही, टो पायलट रडर हलवून सावध करतो आणि घाबरलेला पायलट दोरी सोडतो. मग उरते थोडीशी उंची, आणि तीही उघड्या स्पॉयलरमुळे झरझर संपते.

तिसऱ्या उड्डाणात पॅटर्नची उंची गाठल्यावर लगेच मी दोरी सोडली. त्यांनी लगेच नाक खाली घेतलं, वळून धावपट्टीवर सुरेख उतरवलं. कौतुक वाटलं, तसं बोललोही.

त्यांनी लॉगबुक पुढे केलं. "तीन झाली."

"झाली. पण आज रिव्ह्यूची सही नाही करणार."

ते नाराज झाले. नियम त्यांच्या बाजूचा आहे असं त्यांना वाटत होतं. पण तीन हा आकडा किमान आहे. रिव्ह्यूत काय करून घ्यायचं हे तो नियम इन्स्ट्रक्टरवरच सोपवतो, आणि सही म्हणजे रिव्ह्यू समाधानकारक झाल्याची लेखी खात्री. ती खात्री मला नव्हती. नापास असा शेरा इथे नसतो, त्यामुळे तीनही उड्डाणं मी प्रशिक्षण म्हणून नोंदवली. त्यांच्या नावावर कसलाही डाग नाही, हे त्यांना मुद्दाम समजावून सांगितलं. एवढ्या अनुभवी माणसाला ते ऐकणंही जड जातं, हे दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात ते आपणहून आले. कोणत्या उड्डाणात इशारा येणार हे मी सांगितलं नव्हतं. रडर हलला तशी त्यांची नजर आधी पंखांकडे गेली, स्पॉयलर बंद करून लॉक केले, मग रेडिओवर टो पायलटला कळवलं. दोरी जोडलेलीच होती. खाली उतरल्यावर मी सही केली. मुदत संपायला अजून काही दिवस होते.

तेव्हापासून रिव्ह्यू असला की टो पायलटशी हे आधीच ठरवून घेतो, समोर कितीही जुना पायलट असो.