दीनमित्रच्या फाइलचा दुमडलेला कोपरा

जुनी वर्तमानपत्रं स्कॅन करायचं काम करतो मी. पान ठेवलं, बटण दाबलं, झालं, असं लोकांना वाटतं. अनेक अंक एकत्र बांधलेली जाड फाइल सपाट उघडली की जुना कागद शिवणीपाशी कडकन तुटतो, म्हणून ती व्ही आकाराच्या पाळण्यात अर्धीच उघडायची आणि डावी-उजवी पानं वेगवेगळी घ्यायची.

मागे एका लायब्ररीतून 'दीनमित्र'ची फाइल आली. मुकुंदराव पाटलांचं साप्ताहिक, 1910 ला सोमठाण्यात सुरू केलेलं आणि मग तरवडीहून निघणारं, नेवासा तालुक्यातलं खेडं हो, तिथे स्वतःचा छापखाना टाकून या माणसाने 1967 ला जाईपर्यंत पेपर चालवला. जन्माने ते 1877 साली 'दीनबंधु' हे साप्ताहिक काढणाऱ्या कृष्णराव भालेकरांचे, दत्तक गेले पाटलांकडे. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जोडाक्षरांचे वेगळे, एकेक उचलून उलटे जुळवायचे, छापून झालं की सोडवून परत खणात टाकायचे, आणि हे आठवड्याच्या आठवड्याला, खेड्यात बसून! पुण्या-मुंबईच्या पेपरांचा इतिहास सांगणारे यांना एका ओळीत गुंडाळतात, राग येतो.

तर मुद्दा. 1867 च्या कायद्याने मुद्रक, प्रकाशक, छापल्याचं ठिकाण अंकावर द्यावं लागायचं, ते बहुतेक शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टायपात असतं. पेपर कुणाकडून कुणाकडे गेला, छापखाना कुठून कुठे हलला, सगळं तिथे कळतं. आणि या फाइलला बाइंडरने कडा सारख्या करायला कटिंग मशीन मारलेलं, ती ओळच गेलेली, अंकामागून अंक.

एका अंकाचा खालचा कोपरा मात्र आत दुमडलेला होता. पात्याखालून वाचलेला. स्पॅच्युलाने हळूहळू सरळ केला तर बाकी पानांच्या बाहेर एक कागदी जीभ निघाली आणि तिच्यावर 'तरवडी' एवढं नीट वाचता आलं. लायब्ररीच्या साहेबांचं म्हणणं, क्रॉप करा, पानं एकसारखी दिसली पाहिजेत. अहो, फाइल दिसायला हवी की वाचायला? मी ऐकलं नाही, ते पान अख्खं वेगळं सेव्ह करून दिलंय, पण फायनल पीडीएफमध्ये त्यांनी काय ठेवलं ते अजून मला दाखवलेलं नाही.

नेवासा-शेवगाव भागात कुणाच्या माळ्यावर सुटे, न बांधलेले अंक असतील तर कृपा करून बाइंडिंगला देऊ नका, आधी स्कॅन करून घ्या.