सतरापैकी नऊ

तळघरातलं माझं मॉडेल रेल्वेचं लेआउट बघायला येणारा प्रत्येक जण आधी गाडी बघतो, मग कमानी मोजतो. "स्टारुक्काला सतरा आहेत ना? तुमच्या नऊच कशा?" तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

मोजता मलाही येतं. स्टारुक्का म्हणजे पेनसिल्व्हेनियातल्या लेन्सबरोचा तो दगडी रेल्वेपूल, १,०४० फूट लांब आणि १०० फूट उंच. एचओ या मॉडेलच्या मापात, म्हणजे १:८७ला, नुसती लांबीच ३.६४ मीटर भरते. आणि मी सतराच केल्या होत्या. सिलिकोनच्या साच्यात प्लास्टर ओतायचं, वाळलं की दगडांच्या सांधी सुईने कोरायच्या. चौदा महिने. दर पंधरा दिवसांनी बिंगहॅम्टनहून गाडी काढून खांबांचे फोटो घ्यायला जायचो. त्याच दिवसांत एका मित्राने पूल आखूड करून बसवला, तेव्हा त्याला तोंडावर म्हणालो होतो, "हे पुलाचं व्यंगचित्र झालं."

मग जानेवारीत घर गरम ठेवणारा फर्नेस बंद पडला. बाहेर उणे अठरा. मेकॅनिक आला, तर फर्नेसचं दार नेमकं शेवटच्या आठ कमानींच्या मागे. पूल सरकेना, कारण तो एकसंध होता. जोड दिसू नये ही माझीच हौस. बायको जिन्यात उभी, अंगात कोट, कडेवर ब्लँकेटात गुंडाळलेली मुलगी. ती "काप" म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती काहीच म्हणाली नाही. मी करवत आणली. नवव्या कमानीपलीकडचा खांब अर्ध्यापर्यंत सरळ कापला गेला, पुढे तडकला. दुसरं टोक मेकॅनिकने धरलं होतं. हे कचऱ्यात टाकायचं का, असं त्याने अगदी सभ्यपणे विचारलं.

सुटा करता येईल असा बांधायला हवा होता, हे कृपया सांगू नका. शिवाय नऊ कमानींवर छोटी मालगाडी भरदार दिसते. खऱ्या पुलावरही एकेकाळी दोन रूळमार्ग होते, आज एकच आहे. दुसरा कुठे गेला असं त्याला कोणी विचारत नाही. (हा युक्तिवाद त्या मित्राने केला असता तर मी हसलो असतो. त्याची माफी अजून मागितलेली नाही.)

उरलेल्या आठ कमानी जुन्या चादरीत गुंडाळून फळीवर ठेवल्यात. गेल्या रविवारी पलीकडची भिंत मोजली. ३.४० मीटर. पंधरा बसतात, सोळावी दाराच्या चौकटीला अडते.