दोन पियानो, तीन हात
गेला आठवडाभर लोकलमध्ये कानात एकच चालू आहे, फ्रेंच संगीतकार पुलांकचा दोन पियानोंचा कॉन्चेर्टो, म्हणजे पुढे दोन पियानो आणि साथीला ऑर्केस्ट्रा (मोठा वाद्यवृंद) अशी रचना. जेमतेम वीस मिनिटांचा, ठाण्याला लावला की दादरच्या आत संपतो, मग परत सुरू.

सुरुवातीलाच ऑर्केस्ट्रा दोन सणसणीत फटके देतो आणि दोन्ही पियानो शाळा सुटल्यासारखे पळत सुटतात, मध्ये कॅस्टानेट्स (हातात धरून टकटक वाजवायच्या स्पॅनिश चिपळ्या) वगैरे, थोडा सर्कशीचाच माहोल. आणि मग पहिल्या भागाच्या शेवटी सगळं अचानक शांत होतं, तेच तेच सूर हळू आवाजात फिरत राहतात, घंटा वाजतायत असं वाटतं. हे बाली बेटावरच्या गामेलानवरून, म्हणजे तिथल्या घंटा-झांजांच्या वाद्यवृंदावरून आलंय, १९३१ ला पॅरिसमध्ये मोठं वसाहतींचं प्रदर्शन भरलं होतं तिथे पुलांकने ते ऐकलं आणि पुढच्याच वर्षी इथे आणून ठेवलं. दुसरा भाग तर सरळ सरळ मोझार्टच्या पाया पडून सुरू होतो, लपवाछपवी काही नाही.

मजा म्हणजे हे लिहून घेतलं प्रिन्सेस द पोलिन्याक बाईंनी, माहेरच्या विनारेटा सिंगर. सिंगर म्हणजे तेच, आजीकडचं काळं, सोनेरी अक्षरांचं, पायाने चालवायचं मशीन! त्या मशीनवाल्याची ही मुलगी, बापाच्या पैशातून तिने अख्ख्या पॅरिसकडून संगीत लिहून घेतलं. (आजीचं मशीन बरंच नंतरचं, त्यामुळे आमच्या घराण्याचं योगदान शून्य.)

१९३२ च्या सप्टेंबरमध्ये व्हेनिसला पहिल्यांदा वाजला तेव्हा एका पियानोवर स्वतः पुलांक आणि दुसऱ्यावर त्याचा लहानपणापासूनचा मित्र जाक फेव्रिए. हे दोघं म्हातारपणी तोच कॉन्चेर्टो वाजवतायत असा व्हिडिओ आहे, तो बघाच. दोन पियानो एकमेकांच्या खाचेत बसवून ठेवलेले असतात, त्यामुळे वाजवणारे समोरासमोर, हात एकमेकांचे दिसतच नाहीत, सगळा कारभार डोळ्यांवर आणि मान हलवण्यावर. जुगलबंदीत कसं, एकाने विचारायचं दुसऱ्याने उत्तर द्यायचं, इथे तसं फारसं नाही, इथे एकाचं वाक्य दुसरा मध्येच उचलून पुरं करतो. अनेक वर्षांच्या मैत्रीत होतं तसं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की त्या काळातले हे बरेचसे कॉन्चेर्टो घरच्याच माणसाला धरून आहेत. रशियन संगीतकार स्ट्राविन्स्कीने १९३५ मध्ये ऑर्केस्ट्रा काढूनच टाकला, नुसते दोन पियानो, वाजवायला स्वतः आणि मुलगा सुलिमा. लिहिताना दुसरा पियानो कसा वाजेल ते ऐकू येईना म्हणून प्लेएल या पियानो बनवणाऱ्या कंपनीकडून जोडपियानो करून घेतला आणि मुलाला समोर बसवून तपासत बसला. (मुलाचं काय झालं असेल!) मला ही रचना जरा कोरडी वाटते, शिव्या घाला. हंगेरियन संगीतकार बार्टोकचं वेगळं, त्याने दोन पियानो आणि तालवाद्यांच्या सोनाटाला (मोजक्या वाद्यांसाठीची रचना) नंतर ऑर्केस्ट्रा जोडला आणि १९४३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कला बायको डिट्टाबरोबर वाजवला. लोकांसमोर पियानो वाजवायची त्याची ती शेवटची वेळ.

पण सगळ्यात जीव अडकलाय तो इंग्लिश संगीतकार माल्कम अर्नोल्डच्या कॉन्चेर्टोत. सिरिल स्मिथ आणि फिलिस सेलिक, इंग्लंडमधलं नवरा-बायकोचं जोडपं, दोघंही पियानिस्ट. १९५६ मध्ये सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर असताना सिरिलला स्ट्रोक आला आणि डावा हात गेला. पियानोवाल्याचा डावा हात! तर यांनी काय केलं, दोन पियानो तीन हात असं वाजवायला सुरुवात केली, जुन्या रचना तीन हातांसाठी बसवून घेतल्या. अर्नोल्डने १९६९ मध्ये त्यांच्यासाठी नवीनच लिहिला, नाव 'फिलिस आणि सिरिलसाठी', लंडनच्या प्रॉम्स या उन्हाळी संगीत महोत्सवात वाजला. दुःखी असेल म्हणून मी जरा तयारीनेच लावला, तर शेवटचा भाग अक्षरशः नाचतो. मी दोनदा डोळे मिटून हात मोजायचा प्रयत्न केला, दर वेळी चार भरले.